हातातले कसब आणि हक्काची मजुरी : मालिशीच्या व्यवसायाचा विचार

साक्री तालुक्यात अंग मोडून काम केल्याशिवाय कष्टकऱ्याची चूल पेटत नाही. कोणी पिंपळनेरच्या बाजूला कांद्याच्या शेतात दिवसभर वाकलेला असतो, कोणी ऊसतोडीसाठी महिनोन् महिने गुजरातेत जातो, कोणी ट्रकमधली पोती पाठीवर उतरवतो. भाडण्याचा पांझरा-कान साखर कारखाना वर्षानुवर्षे बंद राहिला, तेव्हा जवळची मजुरीही दूर गेली. दिवस मावळला की घरोघरी एकच बोल ऐकू येतो, "आंग दुखस वं माय!" मग आजी वाटीत तेल कोमट करते आणि पाय चोळायला बसते. त्या हातांची मजुरी कोणी मोजत नाही. घरच्या मायेला मजुरी नसते, हे खरेच आहे.

परंतु हेच काम बाहेर पैसे मोजून करून घेणारे लोक पुष्कळ आहेत. धुळे, नाशिक, सुरत, पुणे, मुंबई या शहरांत बाळ-बाळंतिणीच्या मालिशीसाठी चांगली बाई शोधावी लागते. आयुर्वेदाच्या रुग्णालयांना पंचकर्मासाठी शिकलेले हात लागतात. खेळाडूंच्या संघाबरोबर मालिश करणारा माणूस असतो. हे पाहून एखादी दहावी-बारावी झालेली मुलगी किंवा मुलगा घरी विचारतो, "मी मालिशीचे शिक्षण घेऊ का?" आणि घरात लगेच दोन तट पडतात. आई म्हणते, चार पैसे मिळतील. बाप म्हणतो, लोक काय म्हणतील? आजोबा तर पानच थुंकतात आणि म्हणतात, "याच्यासाठी शिकवलं का तुला?"

वाचक बंधू-भगिनींनो, आज आम्ही या घरगुती वादाचा विचार करणार आहोत. कारण हा वाद एका मुलीच्या नोकरीपुरता नाही. आपल्या हातांच्या कामाची किंमत कोणी ठरवायची, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

आजोबांची शंका रास्त आहे

आजोबांना आम्ही मागासलेले म्हणणार नाही. त्यांनी जे पाहिले, ते विसरण्यासारखे नाही. जुन्या काळी अनेक गावांत बाळंतपणाला अस्पृश्य मानलेल्या जातींतली सुईण बोलावत. नाळ कापायची, बाळंतिणीचे अंग रगडायचे, मळ-वार काढायचा, धुणे धुवायचे, हे सारे तिने करायचे. तिच्या हातावर बाळ या जगात येई. आणि सुवेर फिटले की तोच हात पुन्हा विटाळाचा ठरे. तिच्या मागे घरात पाणी शिंपडले जाई. मोबदला म्हणून पसाभर धान्य, एखादे जुने लुगडे. ते तिने मागायचे नाही, त्यांनी दिले तर घ्यायचे. 'नाही' म्हणण्याची तर सोयच नव्हती.

हीच गोष्ट बाबासाहेबांनी आपल्याला नीट समजावून सांगितली. वतनाच्या नावाखाली माणसाला पिढ्यान् पिढ्या राबवून घेण्याच्या पद्धतीविरुद्ध त्यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या पुस्तकात त्यांनी दाखवून दिले की जातिव्यवस्था ही नुसती कामाची वाटणी नाही. ती काम करणाऱ्या माणसांचीच वरखाली वाटणी आहे. तीत माणसाची आवड नाही, त्याची कुवत नाही. जन्माने जे कपाळी आले तेच करायचे.

म्हणून एखादे काम करावे की नाही, हे ठरवताना आम्हाला तीन प्रश्न महत्त्वाचे वाटतात. हे काम मी माझ्या मर्जीने निवडले आहे काय? त्याची मजुरी आधी ठरली आहे काय? आणि नको वाटेल त्या दिवशी मी ते सोडू शकतो काय? या तिन्हींचे उत्तर 'होय' असेल, तर पायाला तेल लावणे आणि दाताला औषध लावणे यात आम्ही भेद करत नाही. दवाखान्यातली नर्स रोग्याचे अंग पुसते, तिला आपण 'सिस्टर' म्हणतो. आणि यांपैकी एकाचेही उत्तर 'नाही' असेल, तर ते काम कितीही स्वच्छ खोलीत, कितीही सुगंधी तेलाने होत असले, तरी ते जुने सुईणपणच समजावे.

आपल्या बायांकडून जग शिकले

काहींना वाटते, मालिशीत शिकण्यासारखे काय आहे? त्यांच्यासाठी एक खरी हकिकत सांगतो. फ्रेडरिक लेबॉयर नावाचे एक फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ होते. कोलकात्याकडच्या एका गरीब वस्तीत त्यांनी एक आई आपल्या तान्ह्या बाळाला मालिश करताना पाहिली. जमिनीवर बसून, पाय लांब करून, बाळाला पायांवर घेऊन ती त्याचे अंग चोळत होती. आपल्याकडे घरोघरी दिसते तसेच. लेबॉयर यांनी तिची एकेक हालचाल टिपली, छायाचित्रे घेतली आणि १९७६ साली त्यावर पुस्तक काढले. त्या बाईचे नाव शांतला, आणि पुस्तकालाही तेच नाव दिले. युरोप-अमेरिकेतल्या आयांनी ते वाचून आपल्या बाळांना तेल लावायला सुरुवात केली. त्याच सुमारास विमला मॅक्ल्युअर या अमेरिकन बाईंनी भारतातल्या एका अनाथाश्रमात काम करताना हीच रीत पाहिली आणि पुढे परदेशात बाळांच्या मालिशीचे रीतसर वर्ग सुरू केले.

पुढे शास्त्रज्ञांनीही या कामाची परीक्षा घेतली. अमेरिकेतील मायामी येथील टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळांना त्यांनी दहा दिवस, रोज तीन वेळा, पंधरा-पंधरा मिनिटे हलक्या हाताने चोळले आणि त्यांचे हात-पाय हलवले. ज्यांना असे चोळले नाही त्या बाळांपेक्षा यांचे वजन रोज सरासरी ४७ टक्के जास्त वाढले. दूध दोन्हीकडे सारखेच होते.

आता विचार करा. जे कसब वस्तीतल्या बाईच्या हातात होते, त्याला बाहेर वर्ग आले, प्रमाणपत्र आले, फी आली. आणि ज्या बाईच्या हातात ते मुळात होते, तिला मात्र आजही "दोन दिवस येऊन जा गं, खण देऊ" असे सांगितले जाते. हातातले कसब सारखेच आहे. फरक शिक्षणाचा आणि लिहून ठरवलेल्या दराचा आहे. तो फरक आपणच भरून काढायचा आहे.

वाटा कोणकोणत्या?

पहिली वाट बाळ-बाळंतिणीची. या कामाला शाळेची अट नाही, भांडवल जवळजवळ नाही. चाळिशीतली बाईसुद्धा ते करू शकते. साक्री, पिंपळनेर, दहिवेल यांसारख्या ठिकाणीही नोकरदार घरे वाढली आहेत. सून आणि मुलगा दोघे कामाला, सासू गावाकडे, मग सव्वा महिना बाईच लागते. हिशेब करून पाहू. समजा, एका घरचे दिवसाला २०० रुपये ठरले आणि सकाळच्या वेळात तीन घरे केली, तर महिन्याच्या २६ दिवसांचे १५,६०० रुपये होतात. त्यातून जाण्यायेण्याचा खर्च आणि रिकामे जाणारे महिने वजा करा. दर गावागणिक वेगळा असेल, पण हिशेब असाच मांडावा.

दुसरी वाट कौशल्य प्रशिक्षणाची. आयटीआयच्या अभ्यासक्रमांत 'स्पा थेरपी' नावाचा एक वर्षाचा ट्रेड आहे. तो प्रत्येक संस्थेत नसतो, म्हणून प्रवेशाच्या दिवसांत साक्री, धुळे, नाशिक अशा ठिकाणी चौकशी करावी. कौशल्य विकासाच्या योजनांत 'असिस्टंट स्पा थेरपिस्ट' आणि पंचकर्म तंत्रज्ञ असे अभ्यासक्रमही आहेत. पंचकर्माचा फायदा असा की काम वैद्यांच्या देखरेखीखाली, रुग्णालयात होते. घरच्यांची काळजी त्यामुळे निम्मी होते.

तिसरी वाट फिजिओथेरपीची, म्हणजे भौतिकोपचाराची. हे मालिशीपेक्षा फार मोठे शास्त्र आहे. बारावीला जीवशास्त्रासह विज्ञान, प्रवेश परीक्षा आणि मग चार-पाच वर्षांची पदवी. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ ही पदवी देते. संसदेने २०२१ साली केलेल्या कायद्याने या व्यवसायाला देशपातळीवर नोंदणीची चौकट दिली आहे. ज्या घरात मुलगी दहावीला विज्ञानात चांगले गुण मिळवते, त्या घराने तिला तीन महिन्यांच्या कोर्सवर समाधान मानायला लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. १९९०च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, त्यामुळे शिष्यवृत्ती आणि आरक्षित जागा हा आपला हक्क आहे. जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र यांची तयारी अकरावीतच करून ठेवावी; शेवटच्या आठवड्यात धुळ्याच्या चकरा मारण्याची वेळ येऊ देऊ नये.

चौथी वाट खेळाच्या मैदानाची. क्रिकेटचा विश्वचषक २ एप्रिल २०११ रोजी भारताने वानखेडे मैदानावर जिंकला, तेव्हा त्या संघाबरोबर मालिशतज्ज्ञ म्हणून रमेश माने होते. खेळाडू त्यांना 'माने काका' म्हणत. धोनी-तेंडुलकरांचे थकलेले खांदे आणि पाय दुसऱ्या दिवशीच्या खेळासाठी तयार करणे हे त्यांचे काम होते. विजयानंतर क्रिकेट मंडळाने खेळाडूंबरोबर सहाय्यक मंडळींनाही प्रत्येकी ५० लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अशी जागा लाखात एखाद्याला मिळते, हे आम्ही जाणतो. परंतु भारतीय क्रीडा प्राधिकरणाने २०२२ साली मालिशतज्ज्ञांच्या शंभराहून अधिक कंत्राटी जागांची जाहिरात दिली होती. बारावी उत्तीर्ण, मालिशीचे प्रमाणपत्र आणि कामाचा अनुभव अशा अटी होत्या आणि मानधन महिना ३५ हजार होते. अशा जाहिरातींवर नजर ठेवणारा मुलगा आपल्या वस्तीत असायला हवा.

ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी

या कामात डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त दिसते. म्हणूनच जपानमध्ये शेकडो वर्षांपासून अंध माणसे मालिशीचा व्यवसाय करत आली. सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध वैद्यांनी अंधांसाठी अशा शिक्षणाची शाळा काढली. आजही तिथल्या अंधशाळांत हा विषय शिकवला जातो आणि परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळतो. दक्षिण कोरियात तर मालिशीचा परवाना फक्त दृष्टिहीनांना देण्याचा कायदा आहे आणि तिथल्या घटना न्यायालयाने २००८ साली तो कायम ठेवला. अंधांना दुसरी रोजगाराची दारे फारशी उघडी नसतात, म्हणून एवढे एक दार त्यांच्यासाठी राखून ठेवणे योग्य आहे, असा त्यामागचा विचार.

आपल्याकडे तशी राखीव सोय नाही, पण शिकण्याची सोय आहे. अहमदाबादच्या अंधजन मंडळाने अंध विद्यार्थ्यांसाठी फिजिओथेरपीची शाळा चालवली आहे. १९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंधजन संस्थेचे, म्हणजे नॅबचे, महाराष्ट्राचे काम नाशिकहून चालते. घरात कोणी दृष्टिहीन मूल असेल, तर त्याला "देवानं असं केलं" म्हणत ओट्यावर बसवून ठेवू नका. नाशिकला जा, विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

कुठे हात लावू नये, हे आधी शिका

मालिश करणाऱ्याचे खरे ज्ञान त्याला कुठे थांबायचे ते कळते की नाही, यावर ओळखावे. पुढच्या गोष्टी घराघरांत वाचून दाखवाव्यात, अशी आमची विनंती आहे.

बाळंतिणीची एकच पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल आणि दुखत असेल, तर ती चोळू नये. आत रक्ताची गाठ असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. लगेच दवाखाना गाठावा. सिझेरियन झालेल्या बाईच्या पोटाला डॉक्टर सांगेपर्यंत हात लावू नये.

तान्ह्या बाळाच्या नाका-कानांत, डोळ्यांत तेल घालू नये. नाक सरळ व्हावे म्हणून ओढू नये, टाळू दाबू नये. नवजात बाळाची छाती पिळून 'दूध काढण्याची' जुनी रीत साफ बंद करावी. त्याने गळू होते. नाळ कोरडी आणि स्वच्छ ठेवावी. तिला तेल, राख, शेण काही लावू नये. बाळाला ताप असेल, ते मलूल असेल, अंगावर पुरळ असेल, त्या दिवशी मालिशीला सुट्टी.

एकाएकी कोणाचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर तेल-लसूण चोळत बसू नये. हा अर्धांगवायू असतो. रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. १०८ क्रमांकाला फोन करावा आणि माणसाला मोठ्या दवाखान्यात पोचवावे. मालिश, व्यायाम हे नंतरचे, आणि तेही भौतिकोपचार तज्ज्ञ सांगतील तसे.

पडून हात-पाय सुजला असेल तर आधी फोटो काढून घ्यावा. हाड मोडलेले असताना रगडले तर नुकसान दुप्पट होते. साखरेच्या रोग्याच्या पायाला जाणीव कमी असते, म्हणून जास्त गरम तेल आणि जोराचा दाब टाळावा. पाठदुखीबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल, तर क्षयाची तपासणी करून घ्यावी. 'मालिशीने सगळे बरे होते' असे सांगणारा माणूस एकतर अडाणी असतो किंवा लबाड.

स्वतःच्या हातांचीही काळजी घ्यावी. नखे कापलेली, अंगठी-बांगड्या काढलेल्या, साबणाने धुतलेले हात हा या धंद्याचा पहिला नियम. नुसत्या अंगठ्याने जोर देत राहिले तर काही वर्षांत अंगठा आणि मनगट धरते. तळहाताने, कोपराने, अंगाच्या वजनाने दाब द्यायला शिकावे. दुसऱ्याचे दुखणे काढता काढता आपली कमर गेली, तर त्या मजुरीला काय अर्थ?

मुलींना पाठवताना

आता काळजीचा भाग. साक्रीहून दहिवेल, नवापूरमार्गे सुरतेचा रस्ता सरळ जातो आणि त्या रस्त्याने कामाची आमिषेही येतात. 'पार्लरमध्ये काम, राहणे-खाणे फुकट, महिना अमुक हजार' असे सांगणारा माणूस दारात आला, तर घाई करू नका. काही ठिकाणी मालिशीच्या पाटीआड भलताच धंदा चालतो. पोलिसांची धाड पडते तेव्हा मालक वकील घेऊन सुटतो आणि नाव मात्र गरिबाच्या मुलीचे होते. आपल्या मुलीने असल्या जागी पाऊल ठेवू नये म्हणून जागा आधीच पारखून घ्यावी.

जागा कशी पारखावी? घरच्या माणसाने स्वतः जाऊन दिवसा आणि संध्याकाळी अशी दोनदा पाहावी. पाटी, नोंदणी, पावती आहे काय? बाईला बाई आणि पुरुषाला पुरुष असा नियम आहे काय? खोलीला आतून कडी लागते काय? पगार बँकेत जमा होतो काय? दहावीचे मूळ प्रमाणपत्र किंवा आधार कार्ड मालक ठेवून घेतो काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' आले, तर तिथूनच परत फिरावे.

आणि आणखी एक. मुलीला फक्त 'सांभाळून राहा' असे सांगू नका. तिला कायदा सांगा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली जो कायदा झाला, त्यात घरकाम करणाऱ्या बायांचाही समावेश आहे. दुसऱ्याचे घर हेही त्या कायद्याप्रमाणे कामाचे ठिकाण ठरते. तक्रारीसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते आणि तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची असते. अडचणीच्या वेळी ११२ क्रमांक आहे. आणि सर्वांत मोठा आधार म्हणजे घर. 'काम सोडून मध्येच आलीस तरी कोणी बोलणार नाही', एवढा शब्द बापाने दिला, तर मुलगी वेळेवर परत येते. बोलणी खावी लागतील या भीतीने मुली सहन करत राहतात, हे आपण विसरू नये.

मजुरी मागायला लाजू नका

आपल्या मायबहिणी कामाला कधी कमी पडत नाहीत. कमी पडतात त्या मोल सांगण्यात. "तुम्हाला वाटेल ते द्या" हे वाक्य जुन्या काळाची सवय आहे. ते तोंडातून काढून टाकले पाहिजे. कामाच्या आधीच सांगावे : बाळाची मालिश आणि आंघोळ याचे इतके, बाळंतिणीची मालिश धरून इतके, सव्वा महिन्याचे इतके, आठवड्याच्या आठवड्याला पैसे. भांडी-धुणे त्यात धरलेले नाही. बारशाला साडी दिली तर आनंदाने घ्यावी, पण ती मजुरीत वळती करू देऊ नये. एका वहीत तारीख आणि पैसे लिहावेत. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्यावे. त्या निमित्ताने त्यालाही आईचे काम कळेल.

एकटीने दर सांगितला तर मालकीण दुसरी बाई पाहते. म्हणून वस्तीतल्या पाच-सहा जणींनी मिळून एकच दर ठरवावा आणि एकीने दुसरीचे घर पैसे कमी करून फोडू नये. एक आजारी पडली तर दुसरीने तिची घरे सांभाळावीत. बचत गट असतोच; त्यातच हे ठरू शकते.

सरकारी सोयींचाही उपयोग करावा. असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात २००८चा कायदा आहे आणि त्याखाली कल्याण मंडळ आहे. स्वतःची छोटी खोली घेऊन टेबल, चादरी, तेल असा व्यवसाय उभारायचा असेल, तर १९७८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या धुळे कार्यालयात अनुदान, बीजभांडवल आणि प्रशिक्षण योजनांची चौकशी करावी. बँकेत मुद्रा योजनेखाली 'शिशु' गटात ५० हजार रुपयांपर्यंतचे कर्ज तारण न ठेवता मिळू शकते. परंतु कर्ज काढण्याआधी वर्षभर दुसऱ्याकडे काम करून गिऱ्हाईक जोडावे. आधी हात बसवावा, मग पाटी लावावी.

आमचे सांगणे

शेवटी आजोबांकडे वळू. आजोबा, तुमच्या आईने दुसऱ्याचे अंग रगडले ते तिला नाही म्हणता येत नव्हते म्हणून. तुमची नात ते करायचे म्हणते, ते तिने शिकून, दर सांगून, पावती देऊन. तिला आवडले नाही तर ती उद्या दुसरे काम धरील, आणि तिच्या मुलीवर तर या कामाचे कसलेच बंधन नसेल. हा फरक तुमच्याच पिढीने लढून मिळवलेला आहे.

आणि मुलांनो, तुम्हालाही सांगणे आहे. पुढे शिकण्याची ताकद असेल तर इथेच थांबू नका. फिजिओथेरपीकडे, नर्सिंगकडे, डॉक्टरकीकडे जा. ताकद नसेल, घरची अडचण असेल, तर हे काम लाज न बाळगता धरा, पण अर्धवट शिकून धरू नका. ज्या घरी चहा वेगळ्या कपात देतात, त्या घरी दुसऱ्या दिवशी जाऊ नका. ज्या हाताने आपल्या बाळाला तेल लावून घ्यायचे, त्या हाताला कप देताना ज्यांना विटाळ होतो, त्यांनी आपले बाळ स्वतःच न्हाऊ घालावे. एक घर सुटेल, दुसरे मिळेल.